एकाच ताग्यातलं

३ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुझं जाड पाकीट पोचलं. हातात घेतलं तेव्हा वाटलं, चला, पाच वर्षांनी बाईला फोटो पाठवायची बुद्धी झाली. उघडून बघते तर संमतीपत्र. नणंदांनी भावजयीकडे काय काय मागितल्याचं मी ऐकलंय. दागिने, भांडी, घरातला वाटा. पण भावाचा मेंदू मागणारी तू पहिलीच. तोही गोठवून, चकत्या करून.

पहिल्या पानावर तुझ्या दादांची सही आहे. चार वर्षांपूर्वीची, आजाराचं निदान नुकतंच झालं होतं तेव्हाची. 'उरलेलं कापड फेकायचं कशाला, कुणाच्या तरी कामी येईल,' असं म्हणून त्यांनी ती ठोकली होती, मला आठवतंय. दुसऱ्या पानावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती मी करणार नाही. ज्या डोक्यावरून मी रोज सकाळी कंगवा फिरवते, ते कुठे पाठवायचं याचा विचार मला आत्तापासून करायचा नाही. रागव हवी तर.

फोन करत नाही म्हणूनही रागावू नकोस. मागच्या वेळी तुझा आवाज ऐकला आणि हे तासभर तुला पडद्यामागे शोधत बसले. पत्र बरं. मी मोठ्यांदा वाचते, ते कागद चिमटीत धरून पोत बघतात.

यांचं नवीन खूळ ऐक. कुठल्याही गोष्टीला एकच प्रश्न, 'एकाच ताग्यातलं आहे ना?' दूध आणलं, एकाच ताग्यातलं आहे ना? चपला पुढे ठेवल्या, एकाच ताग्यातल्या आहेत ना? डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या तर त्यांनाही तेच. डॉक्टर मला म्हणाले, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "तुम्ही शिंपी असतात तर कळलं असतं." पस्तीस वर्षांच्या कटिंग मास्टरचं हे ब्रह्मवाक्य. कोट आणि पँट दोन ताग्यांतून कापली की दुकानात रंग एक दिसतो आणि उन्हात दोन. बाकी सगळं पुसलं गेलं, हे तेवढं राहिलंय.

आणि टेप राहिलीय. रोज सकाळी मला आरशासमोर उभी करतात, माप घेतात आणि वहीत लिहितात. कंबर अठ्ठावीस. वन्सं, माझी कंबर छत्तीस आहे, आणि तीसुद्धा मी म्हणते म्हणून. अठ्ठावीस लग्नातली. टेप छत्तीसवर, अंगठा छत्तीसवर, वहीत अठ्ठावीस. या आजारात माझी एवढी एकच सोय झालीय, ती मी सोडणार नाही.

तुझे हात थंडीने फुटलेत म्हणतेस. सोबत मलमाची डबी पाठवतेय. दुकान बंद केलं तेव्हा सुताला ओढायच्या मेणाचं ढेकूळ उरलं होतं, ते तेलात वितळवून केलंय. रोज लाव. आळस करू नकोस.

तुझी,
सही न करणारी वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

डबी उघडली आणि दुकान समोर आलं. इस्त्रीची वाफ तेवढी कमी होती. रोज लावतेय. तीन दिवसांत बोटांच्या भेगा मिटल्या. पन्नाशीच्या बाईला वन्सं काय म्हणतेस? पण म्हण. दुसरं कुणी म्हणणारं नाही.

सहीचं राहू दे. कागद ड्रॉवरमध्ये टाक. मी फक्त काय करते ते सांगते, कारण मागच्या खेपेला तू शेजारणीला 'ती चरबीवर काहीतरी करते' असं सांगितलंस आणि त्या बाईने मला वजन कमी करण्याचा उपाय विचारला.

मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबीच असते. तिच्याच घड्यांनी मेंदूतल्या तारांना अस्तर लागलेलं असतं. दादाच्या आजारात हे अस्तर कुठे विरतं, कुठे भलतीच चरबी साचते, ते आम्ही बघतो. नेहमीच्या तपासणीत मेंदू औषधात मुरवतात आणि स्पिरिटने धुतात. त्यात चरबी निघून जाते. म्हणजे तेलाचा डाग शोधायचा आणि आधी शर्ट धुवायचा! म्हणून आम्हाला न धुतलेला, ताबडतोब गोठवलेला मेंदू लागतो.

माझं काम कापायचं. उणे वीस अंशांची पेटी, तिच्यात पातं, वरच्या खिडकीतून हात आत. केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकी पातळ चकती निघते आणि निघाली की गुंडाळायला लागते. तेव्हा एक बारीक ब्रश तिच्या कडेवर टेकवून तिला सपाट धरायची. ब्रशचे केस पसरले की चिमटीने सरळ करायचे. मग काचपट्टी टेकवायची, पाठीमागून बोटाची ऊब द्यायची, की चकती काचेला बसते. श्वास धरून. दादा रेशीम कापताना धरायचा तसा.

पुढे यंत्र त्या चकतीवर ठिपक्या-ठिपक्याने लेझर मारतं. प्रत्येक ठिपक्यातून जे उडतं त्याचं वजन करतं. कुठल्या वजनाची चरबी कुठे किती, त्याचा रंगीत नकाशा होतो. एका चकतीला चौदा तास लागतात. निरोगी माणसांचे मेंदू मी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उरकून ठेवले, आता आजारी मेंदू घेतलेत. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. माझ्या टेबलाकडे बघून त्या म्हणाल्या, "नीटनेटकं आहे." मी दिवसभर तरंगत होते.

दादाला माझा नमस्कार. कुणाचा ते सांगू नकोस.

तुझी,
चिंगी


१२ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र वाचून दाखवलं. पातं, चकती, श्वास धरणं, इथपर्यंत हे अगदी मन लावून ऐकत होते. लेझर आला आणि झोप लागली. माझंही साधारण तसंच झालं, पण मी दुसऱ्यांदा वाचलं.

मग संध्याकाळभर विचार करत राहिले. या घरात तुला साधं धिरडं उलटता येत नव्हतं, आणि आता केसाचा आठवा हिस्सा कापतेस. तुझ्या हाताला वळण नाही असं मी एकदा म्हटलं होतं. ते शब्द परत घेते. एकदाच घेते, हे पत्र जपून ठेव.

इथलं म्हणशील तर मी आता 'बाई' झालेय. 'बाई, श्वास सोडा. बाई, हात वर.' गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, फार अदबीने. लग्नाच्या तीस वर्षांत मला एवढी अदब मिळाली नव्हती. माप घेऊन झालं की म्हणतात, 'मंगळवारी ट्रायलला या.' मी म्हणते, येते हं. आणि स्वयंपाकघरात जाते.

डॉक्टरांनी परवा घड्याळाकडे बघत सांगितलं की घाबरायचं कारण नाही. ते घाबरलेले नव्हतेच.

काही सापडलं तर आधी मला कळव. तुझ्या मोठ्या बाईंच्याही आधी.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

मोठ्या बाईंच्या आधी जमलं नाही, त्या मागेच उभ्या होत्या. पण त्यांच्यानंतर तूच.

सापडलंय! आजारी मेंदूच्या बाहेरच्या कडेने एक चरबी चमकते. बारीक, सलग, गोट लावल्यासारखी. तिचं वजन आमच्या यादीतल्या कुठल्याही चरबीशी जुळत नाही. अकरा आजारी मेंदू कापले, अकराही जणांत आहे. दहा निरोगी मेंदूंत कणभर नाही. असं कधी होत नाही, वहिनी. माणसांत इतका सरळ फरक कधी पडत नाही.

मोठ्या बाई खुर्चीतून उठून यंत्राजवळ गेल्या आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मी तीस वर्षं शोधत होते का?" स्वतःलाच विचारत होत्या. मेच्या अखेरीला मोठी परिषद आहे, तिथे मांडायचं ठरलंय. माझं नावही लागणार.

उपचाराचं काही नाही, हे आधीच सांगते. पण आजार कडेने सुरू होत असेल, आणि ती चरबी लवकर ओळखता आली, तर... पुढचं लिहीत नाही. तू वाचशील म्हणून.

चित्र पाठवतेय. डावीकडे निरोगी, उजवीकडे आजारी. पिवळा गोट दिसेल.

चिंगी


९ एप्रिल

वन्सं, माझे गुणाचे वन्सं,

तू पुढचं लिहिलं नाहीस आणि मी तेच वाचलं. शंभर वेळा.

चित्र कपाटाच्या दारावर लावलंय. शेजारीण, गॅसवाला, वरचे निवृत्त मास्तर, सगळ्यांना दाखवून झालं. मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "हा कुठला देश?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेने शोधलेला." लोकांच्या नणंदा भावजयीच्या घरात धूळ शोधतात.

मला खरं खरं सांग. चरबी म्हटली की ती वितळते ना? आज नाही, पण दोन वर्षांत? यांना नाहीच मिळणार, एवढी खुळी मी नाही. पण कुणाला तरी? यांचा आजार नुसताच आला आणि सगळं घेऊन गेला असं झालं नाही, त्यातून काहीतरी निघालं, एवढं मला कळलं तरी पुष्कळ आहे. म्हणून ड्रॉवर उघडला आणि सही केली. कागद सोबत आहे. चार वर्षांत पहिल्यांदा मी कशावर तरी आनंदाने सही केलीय. हॉस्पिटलच्या बाकीच्या कागदांवर मी न वाचता सही करते. ही वाचून केली.

गंमत राहिली. यांना चित्र दाखवलं. बराच वेळ दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून अगदी दुकानातल्या आवाजात, 'एकाच ताग्यातलं आहे ना?' मी म्हटलं, 'हो हो, तुमच्या बहिणीनेच कापलंय.' तरी मान हलवत राहिले. 'एकाच दिवशी कापलं?' दूध, चपला आणि आता मेंदू. एकूण तुझा शोध यांनी दुधाच्या रांगेत बसवला.

तुझी,
सही करणारी वहिनी


२९ एप्रिल

वहिनी,

चित्र काढून ठेव.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दादाच्या गमतीवर मी हसले. डबा खाल्ला. दुपारी पेटीत हात घालून बसले होते आणि हात थांबले. एकाच दिवशी कापलं?

नाही कापलं. निरोगी सगळे नोव्हेंबरपर्यंत, आजारी सगळे जानेवारीपासून पुढे. आलटून पालटून कापायचे असतात, हे पहिल्या वर्षी शिकवतात. निरोगी मेंदू आधी उरकून टाकू, म्हणजे फ्रीझरमध्ये जागा होईल, ही सूचना माझीच होती. नीटनेटकं काम ना माझं.

म्हणजे गोट आजाराचा असेल, किंवा जानेवारीचा असेल. जानेवारीत काय बदललं? पातं तेच, काच तीच, ब्रश तोच, हात तेच. मग मी हातांकडे बघितलं.

कोऱ्या काचेवर तुझ्या डबीतलं बोटभर मलम लावलं आणि यंत्रात घातलं. चौदा तास लागले नाहीत, दहा मिनिटांत तेच वजन आलं. अगदी तेच. मी मलम लावून हातमोजे चढवायची, ते चढवताना मोज्यांच्या बोटांना लागायचं, त्या बोटांनी ब्रशचे केस सरळ करायची आणि तो ब्रश चकतीच्या कडेवर टेकवायची. प्रत्येक वेळी कडेवरच. अकरा मेंदूंच्या कडेला जे चमकत होतं ते दादाच्या दुकानातलं मेण आहे. यंत्र खोटं बोललं नाही. त्याने वजन बरोबर सांगितलं. नाव आम्ही ठेवलं.

नोव्हेंबरातला एक निरोगी मेंदू अजून शिल्लक होता. तो मलमाच्या हातांनी कापून बघितला. त्यालाही गोट आला.

दोन दिवस कुणाला बोलले नाही. हे लपवायचं म्हटलं असतं तर सोपं होतं, हेही तुला सांगते. मग मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "आणखी कुणाला सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही." म्हणाल्या, "बरं. मग आता सगळ्यांना सांग." आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. परिषदेतलं भाषण त्यांनी काढून घेतलं नाही. विषय तेवढा बदलला. बोलणार मी आहे.

तुझा कागद परत पाठवतेय. ही सही तू ज्या गोष्टीसाठी केलीस ती गोष्ट नव्हती. अशी सही मला ठेवता येणार नाही.

मलमाचा दोष नाही. हात बरे झाले होते.

चिंगी


२४ मे

वन्सं,

साडेतीन आठवडे लिहिलं नाही. आजारी नव्हते. रागावले होते.

तुझ्यावर, मलमावर, यांच्यावर. सगळ्यात जास्त यांच्यावर. ज्या माणसाला बायको ओळखता येत नाही, त्याला नेमका तागा ओळखता यावा? चित्र काढलं तेव्हा कपाटाच्या दारावर चार चिकटपट्टीचे डाग राहिले. पुसले नाहीत. शेजारणीने विचारलं, "ते चित्र?" मी म्हटलं, "धुवायला टाकलंय." मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले. पुढचं लिहीत नाही. तू वाचशील म्हणून.

मग परवा एक गोष्ट आठवली. तू कॉलेजात होतीस तेव्हाची. त्या बँकेच्या मॅनेजरचा लग्नाचा सूट. कोट एका ताग्यातला, पँट दुसऱ्या ताग्यातली. यांनी कापल्यावर उन्हात धरून बघितलं आणि चेहरा पडला. दुकानात कुणाला फरक दिसत नव्हता. मला तर उन्हातही दिसत नव्हता. मी म्हटलं, लग्न संध्याकाळी आहे, कोण बघतंय? हे म्हणाले, 'मी बघितलं ना.' गिऱ्हाइकाने अंगात घालण्याआधी सांगायचं, हा यांचा नियम. सायकल काढली आणि जाऊन सांगून आले. ते घर कायमचं तुटलं. नवरदेवाच्या आईने यांना दारातच उभं ठेवून काय काय ऐकवलं, ते तू शिलाई मशीनवर बसून ऐकलंस, कारण आल्यावर यांनी सगळं नक्कल करून सांगितलं. तू खूप हसली होतीस. मला वाटलं, पोरगी नुसती हसतेय.

चिंगे, शोध लागल्याचं तू लिहिलंस तेव्हा मला अभिमान वाटला होता. तो शेजारणीला दाखवायचा अभिमान होता. आत्ता वाटतोय तो कुणाला दाखवता येत नाही, माझ्यापाशीच ठेवावा लागतो. अकरा मेंदू, तीन महिने, मोठ्या बाईंची तीस वर्षं, तुझं नाव, आणि माझी आशा. एवढं सगळं एका डबीमुळे जाणार हे कळत असताना तू ते उभ्याने सांगितलंस. माझ्या ओळखीची पुष्कळ मोठी माणसं बसून सत्कार घेतात.

कागद पुन्हा पाठवतेय. पहिली सही खोडून खाली नवीन केलीय. मागची तुझ्या शोधासाठी होती, ही तुझ्यासाठी आहे. ज्या हाताने स्वतःचा शोध मोडला, त्या हातात मी तुझ्या भावाचा मेंदू द्यायला तयार आहे. औषध निघेल का, हे मी आता विचारणार नाही.

मलम टाकून दे.

वहिनी


१७ जून

वहिनी,

कागद मिळाला. फाइलमध्ये गेला. परत पाठवणार नाही.

भाषण झालं. पंधरा मिनिटं. माझ्या आधीच्या गृहस्थांनी अतिशय सुंदर चित्रं दाखवली. मी मेणाचं चित्र दाखवलं, मग कोऱ्या काचेवरच्या मलमाचं, मग तारखा. एकाने विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, माझे मोठे भाऊ कटिंग मास्टर आहेत, त्यांनी चित्र पाहिलं आणि विचारलं. "ते या क्षेत्रात आहेत?" मी म्हटलं, हो.

चहाच्या वेळी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांची माणसं एकेक करून जवळ आली आणि हळूच विचारून गेली, कुठलं मलम? स्वतःचे हात खिशात घालून. मोठ्या बाई लांबून बघत होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "नीटनेटकं झालं."

आता दरवाजावर पाटी लावलीय. हातांना काहीही लावलेलं असल्यास आत येऊ नये. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'एकाच दिवशी कापलं का?'

दादाला सांग. त्याला कळणार नाही, तरी सांग.

चिंगी


१ डिसेंबर

वन्सं,

तू आलीस, राहिलीस आणि गेलीस, त्या चार दिवसांत आपण बोललो ते सगळं डब्यांबद्दल आणि पाहुण्यांबद्दल. म्हणून लिहितेय.

हे गेले त्या सकाळी मी आधी मेंदू न्यायला येणाऱ्या तुमच्या गाडीला फोन केला आणि मग रडले. क्रम चुकला असता तर उशीर झाला असता. अडीच तासांत ती दोन माणसं आली. फार हळू बोलत होती, बूट दारात काढले. त्यातल्या एकाने यांच्या उशाची टेप उचलून नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. असं करायला त्यांना कुणी शिकवलं नसेल.

न्यूमोनिया हे नुसतं कागदावरचं नाव. ते आधीच थोडे थोडे गेलेले होते.

ऑगस्टनंतर टेप हातात घ्यायचे, पण लिहायचे नाहीत, असं मला वाटत होतं. वही मी अजून उघडलेली नाही.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

कापून झालं.

मोठ्या बाईंनी मला महिनाभर रजा घे म्हटलं, दुसरं कुणी कापेल. मी म्हटलं, मी कापते. मग त्यांनी बारा मेंदू निवडले, सहा निरोगी, सहा आजारी. त्यांच्यावर नंबर घातले आणि कुठला नंबर कुणाचा ती यादी स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. मला फक्त एवढं माहीत होतं की बारांतला एक दादा आहे. कुठला ते माहीत नव्हतं. नियमाप्रमाणे मला ते कधीच कळणार नाही.

म्हणून मी बाराही जण दादा समजून कापले.

मोठ्या बाईंनी निरोगी-आजारी मिसळून आखून दिलेल्या क्रमाने, रोज थोडे थोडे, नवा ब्रश, कोरडे हात. हात पुन्हा फुटलेत. एकही चकती फाटली नाही. मागच्या वर्षी पाचात एक फाटायची.

चित्रं आली. चमकणारं काही नाही. पण आत, जिथे तारांचं अस्तर असतं तिथे, काही नंबरांत एक चरबी विरळ झालीय. भोक नाही. पँटचा गुडघा विरतो तशी. हे इतरांनीही थोडंफार पाहिलंय, आमचं नवीन काही नाही. पण इतकं स्वच्छ आमच्याकडे आधी कधी आलं नव्हतं. मोठ्या बाईंनी बारा चित्रं ओळीने लावली आणि म्हणाल्या, "यावर मी विश्वास ठेवीन." त्यांच्याकडून मी याहून मोठं काही ऐकलेलं नाही.

चित्र पाठवू का? कुणाचं ते सांगता येणार नाही.

चिंगी


३ मार्च

वन्सं,

पाठव. बाराही पाठव. कपाटाच्या दारावर डाग तयारच आहेत.

पत्र वाचलं आणि सवयीने मोठ्यांदा वाचलं. 'बाराही जण दादा समजून' इथे थांबले. त्या बाकीच्या अकरांच्या घरी कुणाला कल्पनाही नसेल की आपल्या माणसाला कुणी इतकं जपून हाताळलं. मला आहे. मी त्या सगळ्यांच्या वतीने इथे बसून आहे असं समज.

काल वही उघडली. ऑगस्टपर्यंत रोज अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. मग कोरी पानं. आणि मग, मला वाटत होतं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, एक नोंद. नोव्हेंबरच्या अकरा तारखेची. अक्षर पार थरथरलेलं, आकडा दोनदा गिरवलेला.

कंबर छत्तीस.

शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, "बघा, शेवटी ओळखलं हो तुम्हाला!" मी तिला म्हटलं, असं एकदम नाव ठेवायचं नसतं. एकाच दिवसाची नोंद आहे. जुळवून बघायला दुसरी नाही. हात कापत होता. टेप कशीही सरकली असेल. माझी नणंद या कामात आहे, मला माहितीय.

माप बरोबर आहे, एवढंच मी म्हणते.

ते पान मात्र मी कुणाला देणार नाही. तुझ्या मोठ्या बाईंनाही नाही.

वहिनी